कायदा चालेल, वारा नको

इटलीत राहायला आलेल्या माणसाला आधी सरकार भेटतं आणि मग शेजारी. यातलं सरकार सोपं. त्याला फक्त तुमची कागदपत्रं हवी असतात. शेजाऱ्यांना तुम्ही दुपारी काय जेवलात, कशाबरोबर जेवलात आणि जेवल्यावर लगेच आंघोळीला तर गेला नाहीत ना, हे सगळं हवं असतं.

सरकारपासूनच सुरुवात करते, कारण ते लवकर आटपतं. इथे प्रत्येकाला 'कोदिचे फिस्काले' नावाचा सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर मिळतो. आपल्या पॅन आणि आधारची कामं तो एकटा करतो. तो नसेल तर घर भाड्याने मिळत नाही आणि बँकेत खातं उघडत नाही. तो तयार करायची रीत ठरलेली आहे. आडनावातली तीन व्यंजनं, नावातली तीन, जन्मसालाचे शेवटचे दोन आकडे, महिन्याचं एक अक्षर, मग तारीख, जन्मगावाचा कोड आणि शेपटाला पडताळणीचं एक अक्षर. यात पुरुषांची जन्मतारीख जशीच्या तशी घेतात, बायकांच्या तारखेत मात्र चाळीस मिळवतात. मी बारा तारखेची, म्हणून माझ्या नंबरात बावन्न. नुसत्या नंबरावरून बाई की पुरुष हे कळावं यासाठी ही युक्ती आहे म्हणे. बाईमाणसाच्या कुठल्याही आकड्यात चाळीस मिळवून तो कागद तिच्याच हातात हसत हसत देण्याची हिंमत आपल्या कुठल्या तलाठ्यात असेल असं वाटत नाही.

जन्मगावाची गंमत वेगळीच. इटलीतल्या प्रत्येक गावाला स्वतःचा कोड आहे. आम्ही राहतो त्या बोलोन्यात जन्मलेला 'ए ९४४', रोममध्ये जन्मलेला 'एच ५०१'. परदेशात जन्मलेल्यांना मात्र देशाला मिळून एकच. अख्खा भारत 'झेड २२२'. मिरजेचा आणि आपला हिशेब आयुष्यभर वेगळा ठेवलेल्या सांगलीच्या माणसाला इटलीचं सरकार एका फटक्यात मिरजेशीच काय, गुवाहाटीशीही एकरूप करून टाकतं. राष्ट्रीय एकात्मतेचं इतकं स्वस्त काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मग पत्त्याची नोंद. नगरपालिकेत अर्ज दिला की पंचेचाळीस दिवसांच्या आत त्यांचा पोलीस कधीतरी न सांगता येतो आणि तुम्ही खरंच तिथे राहता का ते बघून जातो. इथल्या जुन्या इमारतींत फ्लॅटला नंबर नसतात. खाली बेलच्या पाटीवर नुसती आडनावं असतात. आमचं 'कुलकर्णी' त्या इकारान्त आडनावांच्या रांगेत इतकं बेमालूम बसलं की पोस्टमनने आम्हाला काही दिवस बाहेरगावचे इटालियनच समजलं. तर पोलीस आला तेव्हा आम्ही दोघंही घरी नव्हतो. पण पहिल्या मजल्यावरच्या सिन्योरा होत्या. त्या कायमच असतात. ऐंशीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या, केस सेट केल्याशिवाय कचरा टाकायलाही खाली न उतरणाऱ्या. त्यांनी पोलिसाला सांगितलं की हो, राहतात, नवरा-बायको आहेत, मांस खात नाहीत, माणसं चांगली आहेत, पण ती ओल्या केसांनी बाहेर जाते.

हे शेवटचं वाक्य सरकारी कागदावर उतरलं की नाही कोण जाणे. आमची नोंद मात्र झाली.

ओल्या केसांचं प्रकरण साधं नाही. रविवारी न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून गॅलरीत कपडे वाळत घालणं यात गैर काही असेल असं मला सांगलीत कोणी सांगितलं नव्हतं. इथे मी गॅलरीत आले की समोरच्या घराच्या तीन खिडक्यांत तीन चेहरे उगवतात. इटालियन माणसाचा खरा शत्रू वारा आहे. वादळ वगैरे नाही, साधी झुळूक. त्या झुळुकीचा फटका बसला तर त्याला 'कोल्पो दारिया' म्हणतात, आणि तो कुठेही बसू शकतो: मानेत, कानात, पोटात, पाठीत. मानेत बसला की 'चेर्विकाले' होतो. माणूस एरवी धडधाकट दिसतो, पण त्याला चेर्विकाले असतो, आणि तो असल्याचं तो अभिमानाने सांगतो. जुलैमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे गेलेला, बसमध्ये सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा, मी हात लांब करून खिडकी उघडली. मागून एक आजोबा तत्परतेने उठले आणि मफलर सारखा करत त्यांनी ती बंद केली. बसमधल्या एकानेही तक्रार केली नाही. उकाड्याने माणूस फार तर बेशुद्ध पडेल, वाऱ्याचं काही सांगता येत नाही.

याच्याच जोडीला पचन. इटालियन शेजार पचनावर उभा आहे. जेवल्यावर तीन तास पाण्यात उतरायचं नाही, समुद्रातही नाही आणि तरणतलावातही नाही. समुद्रकिनाऱ्यावर दुपारी एक वाजता सगळी पोरं एका ओळीत वाळूत बसलेली दिसतात, आणि मागे त्यांच्या आज्या घड्याळाकडे बघत असतात. कॅपुचिनो सकाळी अकरानंतर प्यायचा नाही, कारण जेवणावर दूध पडलं की पचन थांबतं. नवऱ्याने एकदा दुपारी चार वाजता कॅपुचिनो मागितला, तेव्हा काउंटरवरच्या पोराने तो निमूट बनवून दिला, पण कप पुढे सरकवताना हळूच विचारलं, "बरं आहे ना सगळं?" जेवणानंतर त्याच बारमध्ये मलईचं आइस्क्रीम, तिरामिसू आणि पन्ना कोत्ता बिनदिक्कत विकले जातात. यातल्या दुधाचा मुद्दा मी एकदा काढून पाहिला. ते गोड आहे, असं उत्तर मिळालं. उत्तर इतकं ठाम होतं की मला माझाच प्रश्न बावळट वाटला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. इटलीत जे कायद्यात लिहिलेलं असतं त्यावर चर्चा होऊ शकते. जे कुठेही लिहिलेलं नसतं त्यावर होऊ शकत नाही. नवखा परदेशी माणूस कायद्याचं पुस्तक पाठ करतो आणि मग चीज चुकीच्या पदार्थावर किसून समाजातून उठतो.

कायद्याचं म्हणाल तर बोलोन्याचं सगळ्यात मोठं वैभव कसं उभं राहिलं ते बघा. या शहराचे पोर्तिको, म्हणजे घरांखालचे कमानदार झाकलेले रस्ते, सगळे मिळून बासष्ट किलोमीटर भरतात, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. पावसात छत्री न घेता अख्खं गाव पालथं घालता येतं. टेकडीवरच्या सान लुकाच्या देवळापर्यंत तर ६६६ कमानींची रांग जाते. पण याची सुरुवात? सुरुवात अतिक्रमणाची. १०८८ मध्ये स्थापन झाली असं मानतात त्या विद्यापीठामुळे गावात पोरांची गर्दी झाली, जागा अपुरी पडायला लागली, तसे घरमालक वरचा मजला रस्त्यावर पुढे काढायला लागले. एक खोली, मग दुसरी खोली, खाली आधाराला लाकडी खांब. म्हणजे गॅलरी बंद करून बेडरूम काढणे हा प्रकार. आपल्या महापालिकेने नोटिसा पाठवल्या असत्या. बोलोन्याने १२८८ मध्ये नियमच केला की घर बांधायचं तर खाली पोर्तिको हवाच, घोड्यावर बसलेला माणूस खालून सहज जाईल इतका उंच, आणि जागा तुमची असली तरी चालायचा हक्क सगळ्यांचा. आमच्या डोंबिवलीच्या मावसबहिणीला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग आमच्या सोसायटीला पण मिळेल की वारसा. सातशे वर्षं थांबायला लागेल एवढंच."

स्वयंपाकघरात मात्र सातशे वर्षं थांबूनही सूट मिळत नाही. बोलोन्यात पदार्थांची नोंदणी होते. अक्षरशः. तोर्तेल्लिनीच्या सारणाची कृती १९७४ मध्ये आणि मांसाच्या रागूची १९८२ मध्ये इथल्या वाणिज्य मंडळात रीतसर दाखल झालेली आहे. त्याच मंडळात १९७२ पासून सोन्याची एक तालियातेल्ला, म्हणजे पास्त्याची पट्टी, जपून ठेवलेली आहे. शिजलेल्या तालियातेल्लेची पट्टी किती रुंद असावी, याचं ते प्रमाण: आठ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. पुरणपोळीचा घेर शनिवारवाड्याच्या तटबंदीच्या हिशेबात ठरवायचं पुणेकरांना अजून सुचलेलं नाही, आणि हा लेख कुणा पुणेकराच्या हाती न लागला तर बरं. जगभर विकली जाणारी 'स्पॅगेटी बोलोन्येज' मात्र बोलोन्यात मिळत नाही. रागू तालियातेल्लेवर असतो. स्पॅगेटीवर रागू मागणारा पर्यटक दिसला की सिन्योरा त्याच्याकडे, लहानपणी आई गेलेल्या पोराकडे बघावं तशा बघतात.

अशा गावात शाकाहारी माणसाने काय करावं? बोलोन्याला इटालियन लोकच 'लठ्ठ' म्हणतात, आणि तो लठ्ठपणा डुकराचा आहे. सिन्योरांनी पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा मी स्वच्छ सांगितलं की आम्ही मांस खात नाही. त्यांनी हातावर हात ठेवून धीर दिला. काही मांस नसेल, फक्त प्रोशूत्तो असेल. डुकराच्या मांडीचे पातळ काप हे त्यांच्या लेखी मांसात येत नाहीत. मांस म्हणजे जे शिजवावं लागतं ते. मग आमची वाटाघाट सुरू झाली. तोर्तेल्लिनी नको, त्यात डुकराचं कमरेचं मांस, प्रोशूत्तो आणि मोर्तादेल्ला. पण तोर्तेल्लोनी चालतील, त्यात रिकोत्ता आणि पार्स्ली. आकाराने दुप्पट आणि मनाने शाकाहारी. भोपळ्याचे पण मिळतात म्हणे, असं मी सुचवलं. सिन्योरांचा चेहरा कोरा झाला. "ते फेर्राराला," त्या म्हणाल्या. फेर्रारा इथून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. माझं एकदम सांगली-मिरज आठवून मन भरून आलं.

पार्मिजानोची गोष्ट तर मी त्यांच्यापासून लपवूनच ठेवली असती, पण त्यांनाच ती माहीत होती: हे चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरावं लागतं, नियमच आहे. "मग?" त्या म्हणाल्या. "वासरू दिसतंय का कुठे?" पुढची माहिती मात्र मी पुरवली. या भागातल्या गोठ्यांत आणि चीजच्या कारखान्यांत राबणाऱ्यांत पंजाबातून आलेले शीख बरेच आहेत, आणि रेज्जो एमिलियाजवळच्या नोवेल्लाराला त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. त्यावर सिन्योरा म्हणाल्या की गायींशी नीट बोलणारी माणसं आता इटलीत उरलीच नाहीत, बरं झालं ते आले. तेव्हापासून मीही गायींशी बोलू शकते असा त्यांचा समज आहे. मी तो दूर केलेला नाही.

हिंगाचं मात्र जमलं. पहिल्या आठवड्यात आमटीला फोडणी दिली आणि दोन मिनिटांत दारावर थापा. सिन्योरा नाकाला रुमाल लावून आत शिरल्या, थेट गॅसची मुख्य कळ बंद केली, आणि मग सगळ्या खिडक्या उघडल्या. स्वतःच्या हाताने. वाऱ्याची पर्वा न करता. परिस्थिती किती गंभीर होती ते यावरून कळावं. मी हिंगाची डबी पुढे केली. त्यांनी झाकण उघडलं, मागे सरकल्या, पुन्हा वाकून हुंगलं, आणि विचारलं, "हे पोटासाठी?" मी म्हटलं, पोटासाठीच, गॅस धरू नये म्हणून. झालं. इथे जेवणानंतर काळेकुट्ट कडू अर्क छोट्या पेल्यातून पितात, ते पचनासाठीच. जे चवीला किंवा वासाला असह्य आहे ते पोटाला चांगलं असणार, यावर दोन्ही संस्कृतींचं एकमत झालं. आता जिन्यात फोडणीचा वास आला की त्या वरच्या-खालच्यांना समजावतात की हे औषध आहे.

दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरच्या तोंडावर आली. झेंडू कुठे मिळेना, पण बाजार शेवंतीने नुसता भरून गेला होता. पिवळी, पांढरी, जांभळी, कुंड्याच्या कुंड्या, आणि भाव असा की सांगलीच्या गणपतीपुढचा भावही लाजावा. शेजारीच तांबड्या काचेतल्या मेणबत्त्यांचे ढीग. मी म्हटलं, बघा, परक्या मुलखात दिवाळीची किती सोय! दोन हातांत मावेल तेवढी शेवंती आणली, दारावर भरगच्च तोरण लावलं, उंबऱ्याशी पणत्या आणि त्या तांबड्या मेणबत्त्या मांडल्या आणि लक्ष्मीपूजनाच्या तयारीला लागले.

त्या दिवशी जिना विलक्षण शांत होता. वरच्या मजल्यावरचा रेडिओ बंद. माणसं दारावरून जाताना आवाज न करता जात होती, एकाने टोपी काढली. संध्याकाळी बेल वाजली. दारात सिन्योरा, काळ्या कपड्यांत, हातात झाकलेलं भांडं.

"कोण?" त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

आज पूजा कोणाची हे यांनी आपणहून विचारावं याचं मला फार कौतुक वाटलं. "लक्ष्मी," मी म्हटलं.

"तुमच्या जवळच्या होत्या?"

"आमच्याच असं नाही. सगळ्यांनाच जवळच्या वाटतात. पण येतात वर्षातून एकदा. तेही रात्री. म्हणून दिवे लावून दार उघडं ठेवतो."

सिन्योरांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि खुर्चीत बसल्या. १ नोव्हेंबर सगळ्या संतांचा आणि २ नोव्हेंबर मृतांचा. या दिवसांत इटलीभर माणसं शेवंती घेऊन कबरस्तानात जातात, तांबड्या मेणबत्त्या कबरीवर लावतात. शेवंती इथे दुसऱ्या कशाला चालत नाही. लग्नाला नाही, वाढदिवसाला नाही, कोणाच्या घरी जाताना तर अजिबातच नाही. आणि घरात कोणी गेलं तर त्याची खूण दारावर लावतात. पण सिन्योरांना माझं बोलणं अजिबात विचित्र वाटलं नाही. त्यांची आजी त्या रात्री गेलेल्या माणसांसाठी दिवा आणि पाण्याचं भांडं ठेवायची. ती माणसं रात्री येऊन बघून जातात, सगळं नीट चाललंय ना. "तुमच्याकडेही तेच," त्या समाधानाने म्हणाल्या, आणि भांड्याचं झाकण काढलं. आत शाकाहारी रस्सा होता. अशा प्रसंगातही त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

आता दर वर्षी 'सिन्योरा लक्ष्मी'साठी त्या स्वतः शेवंतीची कुंडी आणून देतात. इमारतीत सगळ्यांना माहीत आहे की आमच्याकडे एक श्रीमंत आत्या होऊन गेली आणि अजूनही हिशेब बघायला येते.

ऑगस्टबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण ऑगस्टमध्ये बोलायला कोणी नसतं. १५ ऑगस्टला इटलीत 'फेर्रागोस्तो' असतो. ऑगस्टस बादशहाने इ. स. पूर्व १८ मध्ये ठरवून दिलेल्या सुट्ट्यांपासून हा सण आला, आणि गेली दोन हजार वर्षं तो मनापासून पाळला जातो. दुकानांवर 'सुट्टीसाठी बंद' अशा पाट्या लटकतात, सगळे समुद्रावर जाऊन एकमेकांच्या शेजारी छत्र्या लावून बसतात. आम्ही मोबाइलवर जन गण मन लावून रिकाम्या गल्लीत उभे राहतो. त्या दिवशी अख्ख्या शहरात फक्त आपण स्वतंत्र आहोत असं वाटतं.

खरी उलथापालथ झाली ती बाबा सांगलीहून आल्यावर. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना इटालियन येत नाही, इंग्रजी येतं पण ते बोलत नाहीत. तीन महिने हे घरात बसून काय करणार, या काळजीत मी होते. मार्चच्या गारठ्यात ते कानटोपी आणि मफलर घालून विमानतळावर उतरले. जिन्यात सिन्योरांची गाठ पडली. त्यांनी बाबांना नखशिखान्त न्याहाळलं: झाकलेले कान, झाकलेला गळा, स्वेटरखाली बनियन, बनियनखाली आणखी एक बनियन. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना सगळं समजतं. तुम्हीच कशा अशा?"

दुसऱ्या दिवशी बाबा फिरायला गेले ते दुपारी जेवायलाच परतले. बोलोन्यात ट्रामचं काम चालू होतं, जागोजागी रस्ते खणलेले. अशा प्रत्येक खड्ड्याशी, पत्र्याच्या कुंपणाला लागून, निवृत्त म्हातारे उभे असतात. हात मागे बांधलेले, मान किंचित पुढे, आणि चेहऱ्यावर "हे असं नसतं करायचं". त्यांना बोलोन्यात 'उमारेल' म्हणतात, २०२१ च्या झिंगारेल्ली शब्दकोशातही त्यांना जागा मिळाली आहे. बाबा त्या रांगेत जाऊन उभे राहिले. हात मागेच होते, खात्यातली सवय. कोणी कोणाशी बोललं नाही. आतला मजूर पाइप उतरवायला लागला, तेव्हा एका म्हाताऱ्याने 'च्च' केलं. बाबांनीही केलं. तो म्हातारा सरकून उभा राहिला आणि त्याने बाबांना कुंपणातल्या फटीसमोरची जागा दिली. चौथ्या दिवशी बाबा घरी येऊन मला सांगत होते की उतार चुकलाय, त्या सगळ्यांचं मत आहे. मी विचारलं, त्यांचं मत तुम्हाला कसं कळलं? बाबा म्हणाले, "अगं, उतार दिसतोच की."

आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका याच रांगेतले. अंगणात त्यांची जुनी व्हेस्पा असते, हिवाळाभर झाकलेली. एका सकाळी ते किकवर किक मारत होते. बाबा गॅलरीतून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून माझ्या लक्षात आलं की आता हे खाली जाणार. गेले. काकांना बाजूला व्हायची खूण केली, गाडी एका अंगावर तिरकी केली, तशीच दोन क्षण धरली, सरळ केली आणि एक किक. जुन्या पद्धतीचा निळा धूर निघाला आणि इंजिन बोलायला लागलं. काका थक्क. पोन्तेदेराच्या पिआज्जोने १९४६ मध्ये व्हेस्पा काढली, हे त्यांना पाठ होतं. पण तिची परवान्यावरची बहीण पुण्याजवळ आकुर्डीला बजाजकडे वाढली, करार संपल्यावर १९७२ मध्ये तिथूनच चेतक आली, आणि अख्ख्या महाराष्ट्रातल्या बापांनी तिला रोज सकाळी ऑफिसला जाताना अशीच तिरकी केली, हा इतिहास त्यांना कोणी सांगितला नव्हता. मी भाषांतर करून सांगितला. पिआज्जोचा कारखाना आता बारामतीलाही आहे, हेही सांगितलं. बाबांनी यात बारामतीबद्दलची स्वतःची काही मतं घातली होती, ती मी गाळली.

तेवढ्यात इमारतीच्या सभेची नोटीस आली. पहिली सभा मंगळवारी पहाटे पाच वाजता, दुसरी बुधवारी संध्याकाळी साडेसहाला. पाच वाजता? सिन्योरा म्हणाल्या, पहिली सभा कोणी न येण्यासाठीच असते. पहिल्या सभेला कोरम जास्त लागतो, दुसरीला कमी. म्हणून पहिली अशा वेळी ठेवतात की शहाणा माणूस येणारच नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी कमी माणसांत काम उरकतात. आपल्याकडच्या सोसायट्यांत कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करतात आणि तेवढ्यात चहा घेतात, त्याचीच ही जास्त काव्यमय आवृत्ती. भाडेकरूंना या सभेत एरवी मत नसतं. पण हीटिंगचा खर्च आणि वेळा यावर १९७८ च्या भाडे कायद्याने मालकाच्या जागी भाडेकरूचं मत धरतात. म्हणून आम्ही गेलो. घरी एकटं बसवेना म्हणून बाबाही आले.

हीटिंगचा विषय पंधरा मिनिटांत संपेल असं मला वाटलं होतं. बोलोन्याच्या हवामान विभागात हीटिंग १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त चौदा तास, असा राष्ट्रीय नियम आहे. नियम आहे म्हटल्यावर चर्चा दीड तास चालली. मग कुत्रं. मग वरच्या गॅलरीतून झटकलेल्या टेबलक्लॉथचे पावाचे तुकडे. प्रत्येकाच्या मालकीचे हजारात किती अंश यावर मतं मोजली जात होती, आणि ४३ अंशवाला ३८ अंशवालीवर ओरडत होता. शेवटी जिन्यातल्या भिंतीची ओल आली. व्यवस्थापकाने रंग द्यायचा अंदाज वाचून दाखवला. बाबा उठले, सगळ्यांदेखत भिंतीशी गेले, तळहात टेकवला, बोटाने टकटक केली आणि मराठीत म्हणाले, "रंग देऊन काय उपयोग? वरची मोरी गळतीय."

मी भाषांतर केलं. शांतता पसरली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हात मागे बांधले आणि म्हणाले, "सिन्योर बरोबर बोलतायत." यावर वरच्या घरातल्या बाई भडकल्या, त्यांच्या बाथरूमवर हा थेट आरोप होता. ज्यांच्या मालकीचा हजारात एकही अंश नाही त्यांचं मत कोणत्या कलमाखाली ऐकायचं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न कायद्याचा होता, म्हणून त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. कोणीतरी उकडतंय म्हणून खिडकी उघडली, ती सिन्योरांनी आणि बाबांनी दोन बाजूंनी उठून एकदमच लावली. शेवटी ठरलं की ओलीसाठी वेगळी सभा घ्यायची, त्याआधी प्लंबर आणायचा, आणि इतिवृत्तात लिहायचं की भारतातून आलेल्या अभियंत्यांनी भिंतीची पाहणी केली.

व्यवस्थापकाने डायरी काढली. पहिली सभा सोमवारी पहाटे पाच वाजता, दुसरी मंगळवारी संध्याकाळी. मी बाबांना सांगितलं.

"पाचला?" बाबा म्हणाले. "मग मी पहिल्यालाच जाऊन बसतो. पाचला मी तसाही उठलेलोच असतो."